बर्फाच्या घाटात उतारावर गाडी घसरते तेव्हा : आधी, त्या क्षणी आणि नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. संध्याकाळी घरी परतताना बर्फ पडलेल्या घाटात गाडी उतारावर होती, वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास. वळण आले, ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड झाली, स्टिअरिंग पूर्ण वळवले, तरी गाडी सरळच गेली आणि डोंगराच्या बाजूच्या चरात जाऊन थांबली. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, टायर साधे पण नवे. वेग इतका कमी असताना हे का झाले, त्या क्षणी काय करायला हवे होते, आणि चरात अडकल्यावर काय करावे?

गाडी डोंगराच्या बाजूला गेली आणि कुणाला लागले नाही, हे फार चांगले झाले. आता कारणाकडे येऊ. चूक वळणावर झालेली नाही. ती वळणाच्या बरीच आधी, उतार सुरू झाला तिथे झाली. वळणापाशी पोहोचेपर्यंत ती गाडी वाचवण्याजोगे फारसे काही हातात उरलेले नव्हते. बर्फातल्या घाटात हीच गोष्ट सगळ्यात उशिरा कळते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

उतारावर पकड आधीच खर्च झालेली असते

टायर आणि रस्ता यांच्यातली पकड म्हणजे खिशातली ठरावीक रक्कम. ब्रेक, वळण आणि वेग वाढवणे हे तिन्ही खर्च त्याच रकमेतून होतात. कोरड्या डांबरावर ती इतकी मोठी असते की रोजच्या गाडी चालवण्यात ती कधी संपतच नाही. घर्षणाच्या भाषेत सांगायचे तर कोरड्या डांबराचा गुणांक साधारण 0.7 ते 0.8 असतो. गाड्यांखाली दाबल्या गेलेल्या बर्फावर तो 0.2 च्या आसपास येतो. पाणी गोठून तयार झालेल्या गुळगुळीत थरावर 0.1, आणि त्या थरावर पुन्हा ओल आली तर त्याहूनही कमी.

हे आकडे मीटरमध्ये पाहिले की नीट समजतात. ताशी 30 किलोमीटर वेग, सपाट रस्ता : कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 5 मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर 18 मीटर लागतात, गोठलेल्या थरावर 35. आता हाच रस्ता 8 टक्के उताराचा धरा, म्हणजे 100 मीटरला 8 मीटर खाली जाणारा. घाटात असा उतार अगदी नेहमीचा. गुरुत्वाकर्षण गाडीला खाली ओढत असते आणि ती ओढ पकडीतून वजा होते. दाबलेल्या बर्फावर 0.2 मधून 0.08 गेले, उरले 0.12, आणि थांबायला जवळपास 30 मीटर लागले. गोठलेल्या थरावर 0.1 मधून 0.08 गेले, उरले 0.02, आणि अंतर झाले सुमारे 175 मीटर. उतार 10 टक्के असेल तर उरते शून्य. तिथे ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही. ब्रेकमध्ये काही बिघाड नसतो, टायरखाली थांबवायला काही नसते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. ताशी 30 ला त्या एका सेकंदात आणखी 8 मीटर जातात.

वळणाचे गणितही असेच आहे. साधारण 20 मीटर त्रिज्येच्या वळणावरून कोरड्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगानेही गाडी जेमतेम जाते. दाबलेल्या बर्फावर त्याच वळणाची कमाल मर्यादा ताशी 22 ते 23, आणि गोठलेल्या थरावर 16. ताशी 30 ने असे वळण घ्यायला 0.35 इतकी पकड लागते. रस्ता देत होता 0.2 किंवा त्याहून कमी. म्हणजे ब्रेकला अजिबात हात न लावता, निष्णात चालकानेही ते वळण त्या वेगाने घेतले नसते. वर ब्रेक दाबल्यावर होती नव्हती ती पकड ब्रेकमध्ये गेली आणि वळायला काहीच उरले नाही. म्हणून चाके वळलेली होती, गाडी मात्र सरळ गेली.

वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर चौथ्या हिश्शावर येते. ताशी 15 ने उतरणारी गाडी त्याच 8 टक्क्यांच्या दाबलेल्या बर्फावर 7 ते 8 मीटरमध्ये थांबते. ताशी 30 हा वेग घाटात कमी वाटतो, कारण कोरड्या रस्त्यावर तो कमी असतो. बर्फाच्या उतारावर, आखूड वळणाआधी तो फार मोठा आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह आणि नवे टायर असूनही?

ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाडीपेक्षा एक मीटरही पुढे नसते, उलट बहुधा वजनाने जड असते. वळणावर मिळणारी पकडही टायरचीच. फोर-व्हील ड्राइव्हचा उपयोग जागेवरून निघायला आणि चढ चढायला. आणि त्यात एक धोका लपलेला आहे. साध्या गाडीची चाके चढावर किंवा निघतानाच फिरू लागतात आणि रस्ता निसरडा असल्याचा इशारा वेळेवर मिळतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी तो इशारा देतच नाही. ती निमूट चढते, आणि रस्त्याची खरी अवस्था पहिल्यांदा कळते ती उतारावर.

टायर नवे असले तरी साधे होते, हे कारण त्याहून मोठे आहे. साध्या, म्हणजे उन्हाळी टायरचे रबर तापमान साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते. नक्षी कितीही खोल असो, कडक रबर बर्फाच्या खडबडीतपणात शिरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांमध्ये बर्फ भरून राहतो आणि बर्फ बर्फाला धरतो. टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि त्यात हिमकणाचे चिन्ह असेल तर त्या टायरची बर्फावर प्रत्यक्ष चाचणी झालेली असते. नुसती ‘एम अधिक एस’ ही अक्षरे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो, त्यांच्यावर विसंबू नका. नक्षी 4 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की हिवाळी टायरही बर्फात फारसा उपयोगाचा राहत नाही. आणि टायर बदलायचे तर चारही. पुढे हिवाळी आणि मागे साधे अशी जोडी उतारावर मागची बाजू हमखास फिरवते.

हवा घालताना एवढे ध्यानात ठेवा : तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण 0.1 बार, म्हणजे दीड पीएसआयच्या आसपास, कमी होते. दुपारी उबेत बरोबर भरलेली हवा रात्री घाटात कमी भरते.

संध्याकाळचा रस्ता सकाळचा नसतो

घरी परतण्याची वेळ मुद्दाम बघायला हवी. दुपारी ऊन पडते, कडेचे ढिगारे वितळतात आणि पाणी रस्त्यावरून आडवे वाहते. सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी पातळ, पारदर्शक थर होऊन गोठते. खालचे डांबर तसेच काळे दिसते, रस्ता नुसता ओला वाटतो. सकाळी ज्या वळणावर काहीच नव्हते तिथे संध्याकाळी हा थर असतो. सावलीतली वळणे, पुलांचे पृष्ठभाग, झऱ्याचे पाणी रस्त्यावर येते त्या जागा आणि कापलेल्या कड्याखालचा रस्ता इथे तो आधी धरतो. पुलाला खालूनही थंड वारा लागतो, म्हणून तो बाकी रस्त्याच्या आधी गोठतो.

डॅशबोर्डवरचे तापमान हवेचे असते, रस्त्याचे नव्हे. निरभ्र रात्री हवा 2 ते 3 अंश दाखवत असतानाही रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. आणि सगळ्यात घसरडा बर्फ शून्याच्या आसपासचा, कारण त्याच्यावर पाण्याचा सूक्ष्म थर असतो. उणे 15 ला तोच बर्फ बराच बरा धरतो. त्यामुळे ‘आज थंडी कमी आहे’ हा दिलासा इथे खोटा ठरतो.

ओळखायच्या खुणा अशा : रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत. टायरचा आवाज एकाएकी थांबतो. स्टिअरिंग हलके, रिकामे लागते. शंका आली की सरळ पट्ट्यात, मागे कुणी नसताना, अगदी कमी वेगात ब्रेक क्षणभर दाबून पाहा. एबीएस लगेच खडखडले तर रस्त्याने उत्तर दिले असे समजा.

उतरायचे कसे

वेगाचा निर्णय माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी घ्यायचा. जवळजवळ थांबा आणि पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागा. ऑटोमॅटिक गाडीत एल, 2 किंवा हाताने गिअर बदलायची सोय वापरा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप रोखणारी सोय) असेल तर ते लावा, मात्र तेही शेवटी ब्रेकच वापरते आणि नसलेली पकड आणू शकत नाही. क्रूझ कंट्रोल बंद. उताराच्या मध्यावर, वेग वाढल्यावर गिअर खाली टाकू नका. क्लच सुटताक्षणी इंजिनाचा झटका ताकद मिळणाऱ्या चाकांना बसतो आणि ती घसरतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत या झटक्याने मागची बाजू फिरते. पुढच्या चाकांच्या गाडीत स्टिअरिंग बोथट होते. विजेच्या गाडीतही हेच घडते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जोरात ब्रेकसारखे लागणारे रिजनरेशन कमीत कमी पायरीवर ठेवा.

ब्रेक सरळ भागात, थोडा थोडा, वळण सुरू होण्याआधी पूर्ण संपेल असा. वळणात शिरल्यावर दोन्ही पाय शांत. पुढच्या गाडीशी कोरड्या रस्त्यावर 2 ते 3 सेकंदांचे अंतर ठेवत असाल तर इथे 8 ते 10 सेकंदांचे ठेवा. मागचा चालक अगदी जवळ आला असेल तर रुंद जागा पाहून त्याला पुढे जाऊ द्या. त्याच्या थांबण्याची जबाबदारी तुमच्या डिक्कीवर नको.

एक उपयोगी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गाड्यांनी घासून काचेसारख्या झालेल्या चाकोऱ्यांपेक्षा कडेचा न तुडवलेला बर्फ बहुधा जास्त धरतो. डोंगराच्या बाजूची दोन चाके त्या भुसभुशीत बर्फातून नेली तर ब्रेकही लागतात आणि वळताही येते. दरीच्या बाजूला मात्र हे कधीही करू नका. तिथला ढिगारा नांगराने लोटलेला सैल बर्फ असतो. तो कठड्यासारखा दिसला तरी गाडी अडवत नाही, आणि त्याच्याखाली रस्ता संपलेला असू शकतो.

चढाबद्दल थोडक्यात : खालूनच हलका, सारखा वेग घ्या, वरच्या गिअरमध्ये राहा आणि थांबू नका. पुढची गाडी अडकण्याची शक्यता दिसली तर ती वर पोहोचेपर्यंत खाली सपाटीवरच थांबा. मध्येच गाडी थांबून मागे घसरू लागली तर ब्रेक घट्ट दाबून धरण्याचा मोह होतो, पण अडकलेली चाके दिशा देत नाहीत. ब्रेक जरा सैल करा, रिव्हर्स गिअर टाका आणि इंजिनाच्या आधाराने सरळ मागे या.

घसरण सुरू झाली त्या क्षणी

पुढची चाके घसरली, म्हणजे स्टिअरिंग वळवले तरी गाडी सरळ जाते आहे, तर मन सांगते ते दोन्ही चुकीचे असते : आणखी वळवा, आणखी दाबा. चाके जितकी जास्त वळलेली तितकी ती नांगरासारखी आडवी घासतात आणि धरत नाहीत. करायचे ते असे : अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ब्रेकवरचा दाब कमी करा आणि स्टिअरिंग थोडे सरळीकडे परत आणा. अर्धा सेकंद थांबा. चाके पुन्हा फिरू लागली की हातात वजन जाणवते. मग हळूच, जितके गाडी ऐकेल तितकेच वळवा. दरीकडे पाहत असताना हात मागे घेणे अवघड आहे, हे मान्य. म्हणून त्याची सवय मोकळ्या, सपाट, बर्फाळ मैदानात ताशी 15 ते 20 च्या वेगाने करून ठेवावी. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना मध्येच कोरडा पट्टा आला तर गाडी त्या दिशेला उसळी मारते, हाही पूर्ण वळवण्यातला धोका.

मागची बाजू फिरू लागली तर नजर जिथे जायचे आहे त्या रस्त्यावर ठेवा आणि स्टिअरिंग तिकडे वळवा. मागचा भाग उजवीकडे निघाला तर स्टिअरिंगही उजवीकडे. अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, साध्या गिअरच्या गाडीत क्लच दाबा म्हणजे इंजिनाची ओढ सुटते. ब्रेक नको, हँडब्रेक तर मुळीच नको. गाडी सावरू लागली की स्टिअरिंग लगेच सरळ आणा. इथे उशीर झाला तर ती उलट बाजूला फिरते, आणि हा दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा जोराचा असतो. पुष्कळ गाड्या पहिल्या घसरणीतून वाचून या दुसरीत जातात.

सरळ थांबायचे असेल आणि एबीएस असेल तर ब्रेक दाबून धरायचा, पंप करायचा नाही. खडखड म्हणजे यंत्रणा काम करते आहे. एबीएस चाके अडकू देत नाही म्हणून वळण्याची शक्यता शिल्लक राहते, पण पकडच नसेल तर तीही काही करू शकत नाही. खोल भुसभुशीत बर्फात तर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढते, कारण अडकलेले चाक पुढे बर्फाची पाचर जमवते आणि एबीएस ती जमू देत नाही. एबीएस नसेल तर चाक अडकेपर्यंत दाबायचे, अडकले की सोडायचे, पुन्हा दाबायचे.

आणि काहीच जमत नाही असे दिसले, तर जिथे आदळायचे ती जागा निवडणे अजून हातात असते. डोंगराच्या बाजूचा बर्फाचा ढीग, चर, झुडपे, कड्याला घासत जाणे, यातले काहीही दरी किंवा समोरून येणाऱ्या गाडीपेक्षा बरे. त्यासाठी क्षणभर ब्रेक पूर्ण सोडा, फिरणाऱ्या चाकांनी गाडी डोंगराकडे वळवा, मग दाबा. पत्रा चेपेल, तो दुरुस्त होतो.

गाडी रस्त्याबाहेर गेल्यावर

पहिले काम बाहेर पडण्याचे नाही. चारही इंडिकेटर लावा, सगळे शुद्धीत आहेत का, कुणाच्या मानेला लागले का ते विचारा, इंधनाचा वास येतो का ते पाहा. गाडी हलते किंवा एका बाजूला टेकलेली आहे असे वाटले तर कुणीही एकदम दार उघडू नये. गाडीचे तोंड दरीकडे लटकत असेल तर ज्यांचे वजन दरीकडे आहे ते आधी, भक्कम जमिनीच्या बाजूने, सावकाश बाहेर येतात. ज्यांच्या वजनाने गाडी रस्त्यावर टिकून आहे ते शेवटी. अशी गाडी स्वतः काढण्याचा विचारही करू नका. ती वरून दोराने बांधून विंचनेच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानेच, काढायची.

तुमची गाडी ज्या बर्फाने घसरवली तोच बर्फ मागून येणाऱ्या गाडीलाही त्याच जागी आणून टाकणार आहे. त्यामुळे गाडीच्या मागे, पुढे किंवा उताराच्या खालच्या बाजूला उभे राहू नका. वरच्या बाजूला, रस्त्यापासून दूर, घसरणीच्या रेषेबाहेर थांबा. इशाऱ्याचा त्रिकोण वळणाच्या आधी, वरून येणाऱ्याला सरळ भागातच दिसेल असा ठेवा. सपाट कोरड्या रस्त्यावरचे 50 मीटर इथे अपुरे आहेत, वरच्या गणितात अंतर 175 मीटरवर गेले होते.

मदतीला फोन लागत असेल तर किलोमीटरचा दगड, शेवटचे गाव किंवा पूल, आणि गाडी चढाच्या की उताराच्या बाजूला आहे ते सांगा. हिमवादळ असेल, अंधार पडला असेल किंवा जवळचे घर डोळ्यांना दिसत नसेल तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. चरात किंवा ढिगाऱ्यात गाडी अडकते तेव्हा सायलेन्सरचे तोंड बर्फात बुजलेले असू शकते. इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, भोवळ आणि झोप ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच वाटतात. म्हणून प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताभर मोकळा करा. तासाला साधारण 10 मिनिटेच इंजिन चालवा. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बर्फ पडत असेल तर 10 मिनिटांत तोंड पुन्हा बुजू शकते. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नये. विजेच्या गाडीत हा धोका नाही. तिथे पूर्ण केबिन तापवण्याऐवजी सीट हीटर वापरला तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

ओले कपडे, विशेषतः ओले सुती मोजे, लगेच बदला. तहान लागली तरी बर्फ तसाच खाऊ नका, तो वितळवायला शरीराची उष्णता खर्च होते. दारू ऊब देत नाही, शरीरातली उष्णता बाहेर घालवते. थरथर कापणारा माणूस अजून लढत असतो. थरथर थांबली आणि बोलणे अडखळू लागले तर परिस्थिती गंभीर आहे. बधिर, पांढरी पडलेली बोटे चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच. काखेत धरून ऊब द्यायची.

उथळ चरातून गाडी काढणे

गाडी स्थिर आहे, डोंगराच्या बाजूला आहे आणि रस्त्यापासून हात-दोन हातांवर आहे, तरच हे करावे. बहुतेक वेळा चाकांपेक्षा गाडीचे पोट अडवत असते. गाडी बर्फावर टेकली की चाकांवर वजनच पडत नाही, आणि मग कितीही रेस केली तरी चाके नुसती फिरतात. आधी फावड्याने पोटाखालचा बर्फ काढा, हे खरे काम आहे आणि त्याला अर्धा तासही लागतो. मग चारही चाकांच्या पुढेमागे उतरती वाट करा. स्टिअरिंग सरळ करा. गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर काढणे सहसा सोपे जाते.

ताकद मिळणाऱ्या चाकांखाली वाळू, खडी किंवा पायपोस टाका. मीठ उणे 9-10 अंशांच्या खाली फार हळू काम करते, वाळू कोणत्याही तापमानाला धरते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक नुसते फिरू न देणारी यंत्रणा) यावेळी बंद करा, नाहीतर ते इंजिनाची ताकदच कापून टाकते, आणि रस्त्यावर आल्याबरोबर पुन्हा चालू करा. दुसरा गिअर, अगदी कमी रेस. चाक फिरू लागले की थांबा. फिरणारे चाक बर्फ वितळवते आणि ते पाणी गोठून खाली आणखी गुळगुळीत खड्डा होतो. शिवाय साध्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) एकच चाक फिरत असेल तर त्याचा वेग स्पीडोमीटरच्या आकड्याच्या दुप्पट असतो. काटा 60 वर असेल तर ते चाक 120 ने फिरते आहे, आणि टायर फुटून माणूस मेल्याचेही प्रकार होतात. चाकाच्या रेषेत कुणी उभे नको, पायपोसही दगडासारखा मागे उडतो.

पुढे-मागे झुलवून काढायचे असेल तर आठ-दहा हेलकावे पुरे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यात लवकर तापतो, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी आणि आर बदलू नका.

दुसऱ्या गाडीने ओढताना दोर गाडीच्या ठरलेल्या टो-हुकलाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा येतो. दोराच्या मध्यावर जाड कांबळे टाका म्हणजे तुटलाच तर त्याचा जोर मरतो. बघ्यांनी दोराच्या दीडपट लांबीपेक्षा दूर राहावे. ओढणाऱ्या गाडीच्या टायरवर बर्फासाठीच्या साखळ्या नसतील तर तीही घसरत चरातच येते, हे दृश्य घाटात नेहमी दिसते.

साखळ्या

साखळ्या बाळगणारे बरेच जण त्या अडकल्यावर चढवायला जातात, आणि चाक बर्फात रुतलेले असताना ते जवळजवळ अशक्य असते. घाट सुरू होण्याआधी, सपाट आणि रुंद जागेत चढवा. घरी कोरड्यात, हातमोजे घालून एकदा चढवून-उतरवून पाहिल्या नसतील तर अंधारात जमणार नाहीत. हँडब्रेक लावा, साखळी पसरून पीळ काढा, गुळगुळीत बाजू टायरकडे ठेवा, आधी आतली कडी जोडा, मग बाहेरची, आणि ताणून घ्या. 100 मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. साखळी बसलेली नसते, ती चाक फिरल्यावर बसते. सैल साखळी ब्रेकची नळी आणि चाकाच्या वरचा पत्रा फाडते. वेग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, बहुतेक साखळ्यांसाठी ताशी 50 च्या आत, उतारावर त्याहून पुष्कळ कमी.

दोनच साखळ्या असतील तर त्या ताकद मिळणाऱ्या चाकांना. पण पुढच्या चाकांच्या गाडीत पुढेच साखळ्या असल्या की उतारावर पुढचे धरते आणि मागचे नाही, त्यामुळे ब्रेक लावताच गाडी आडवी होते. मोठा उतार असेल तर चारही चाकांना साखळ्या हाच खरा उपाय. फोर-व्हील ड्राइव्हसाठी गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले पाळा, काही गाड्यांत एका बाजूला साखळीपुरती जागाच नसते.

रस्त्यावर आल्यावर, निघण्याआधी

गाडी बाहेर निघाली की लगेच घराकडे पळवू नका. पुढच्या जाळीत ठासून भरलेला बर्फ काढा, नाहीतर काही किलोमीटरमध्ये इंजिन तापते. सायलेन्सर चेपला किंवा निखळला आहे का, खाली तेल किंवा कूलंट टपकते आहे का ते टॉर्चने पाहा. ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून ते नेहमीसारखे कडक लागते का तपासा. ते खाली बसत असेल तर नळी फाटली असण्याची शक्यता आहे आणि ती गाडी उतारावर नेता येणार नाही. दिव्यांवरचा बर्फ पुसा, एलईडी दिवे तापत नाहीत म्हणून तो आपोआप वितळत नाही. छतावरचा बर्फही काढा, पहिल्याच ब्रेकला तो काचेवर येऊन समोरचे सगळे झाकतो.

वेग थोडा वाढल्यावर गाडी जोरात थडथडू लागली तर आधी रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला बर्फ खरवडून काढा, चाकाचा तोल त्यानेच बिघडलेला असतो. तरीही थडथड राहिली, किंवा सरळ जाताना स्टिअरिंग तिरके दिसू लागले, तर चाकाला दिशा देणारा टाय रॉड किंवा चाक धरून ठेवणारा खालचा आर्म वाकला असेल. अशा गाडीने घाटाचा उरलेला उतार उतरू नये. रुंद जागी लावून, हँडब्रेक रात्रीत गोठू शकतो म्हणून तो न ओढता, गिअर टाकून आणि चाकाखाली दगड देऊन टो गाडीची वाट पाहावी.